हनुवटीवरचा तीळ

दुकानात काळ्या शाईची एकच बाटली उरली होती, आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले.

"मला घेऊ द्या ना," तो म्हणाला. "घरी हौसेने शाईत काढायला घेतलेला एक मॅमथ अर्धवट राहिलाय."

"माझ्याकडे अख्खा कळप आहे," ती म्हणाली. "कुणीतरी पेन्सिलीने एकेक केस काढून पाठवलाय. भेटला ना, तर त्याचेच केस उपटणार आहे!"

त्याने गुपचूप डोक्यावरून हात फिरवला… आणि तिला कळलं. तिने कपाळावर हात मारला.

आदिमानवांच्या त्या साहसी चित्रमालिकेची पानं तो पेन्सिलीने काढायचा, ती शाईने पक्की करायची. संपादककाकांनी दोघांची गाठ मात्र कधी घालून दिली नव्हती. बाटली तिला मिळाली. दुसऱ्या दिवसापासून तो कचेरीत तिच्या समोरच्या टेबलावर येऊन बसू लागला.

"शाईताई, आज डायनोसॉरला खवले कमी काढलेत हं."

"उपकार झाले. आणि ताई म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

ती निब पुसत राहिली. पंख्याच्या वाऱ्यावर ओली पानं फडफडत होती, आणि तो बघतोय हे मान वर न करताही तिला कळत होतं.

मग एकदा एक पान आलं. गुहेच्या तोंडाशी उभी नायिका, आणि तिच्यापुढे हात केलेला शिकारी. त्याच्या संवादाच्या फुग्यात एकच शब्द — 'येतेस?' नायिकेच्या हनुवटीवर, डाव्या बाजूला, एक तीळ होता. आजवर कधीच नव्हता. तिचा हात नकळत स्वतःच्या हनुवटीवरच्या तिळाकडे गेला.

थट्टा असेल तर? आपण हो म्हणायचं आणि हा हसला तर? तिने चेहरा शाईने पक्का केला, तीळ तेवढा सोडला, आणि वरून खोडरबर फिरवलं.

"कसं वाटलं पान?" त्याने अगदी हळू विचारलं.

"छान. हनुवटीवर पेन्सिलीचा डाग पडला होता… खोडला मी."

तो हसला. "बरं केलंस."

त्यानंतर तो घरूनच पानं पाठवू लागला. फोन करावा असं तिला रोज वाटायचं. उद्या करू, उद्या करू म्हणत पावसाळा सरला.

शेवटची पानं द्यायला तो स्वतः आला. दुसऱ्या शहरात, कार्टूनपटांच्या स्टुडिओत नोकरी लागली होती. ती त्याच्यासोबत बस थांब्यापर्यंत चालत गेली.

"तो डाग नव्हता," ती एकदम म्हणाली. "मला माहीत होतं."

त्याने बॅग खाली ठेवली.

"माझं लग्न ठरलंय गं. मागच्याच महिन्यात." मग थांबून म्हणाला, "चांगली आहे ती. खूप."

"असणारच." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. ते सुटेचना.

बस आली. तो पायरीवर चढला आणि वळला. "एक विचारू? त्या दिवशी… काय म्हणणार होतीस?"

मागून लोक ढकलत होते.

"हो," ती म्हणाली. "हो म्हणणार होते."

त्याने नुसती मान हलवली, आणि गर्दीबरोबर आत गेला.