सुतकात आलेली गाडी

फोन रत्नाचा होता आणि तिचा आवाज चिरका झाला होता.

"मामा, उद्या-परवा काय म्हणू नका, आत्ताच निघा. परवा सकाळी शोरूमवालं गाडी टोचन करून न्यायला येणारेत. चूक आमचीच व्हती असं लिहून मागत्यात, आन् हे सही करून मोकळं व्हतील."

सयाजी घोलप जुन्नरला विमा सर्व्हेअर होता. अपघाताच्या गाड्या तपासायच्या आणि मोडलं किती, बनवाबनवी किती ते कंपनीला सांगायचं, हा त्याचा धंदा. त्यामुळे त्याचा माणसांवर विश्वास कमी आणि पित्त जास्त. रत्ना त्याच्या आळीतली, लहानपणापासून त्याला मामा म्हणणारी. तो चडफडत उठला आणि स्कूटरला लाथ मारून डिंगोऱ्याकडे निघाला.

रत्नाच्या नवऱ्याच्या, हौशीरामच्या अंगणात पांढरी पिकअप उभी होती. नवी कोरी, आणि बंद. दोन हजार तीन सालच्या जानेवारीत घेतलेली. चढ आला की इंजिन उकळायचं, वाफ सोडायचं आणि गाडी जागच्या जागी बसायची. शोरूमने एकदा पाण्याचा पंप बदलला, एकदा रेडिएटर, एकदा आणखी काहीतरी. दर वेळी तेच उत्तर: वॉरंटीत दुरुस्ती करून देऊ, गाडी बदलून मिळणार नाही. आणि आता तर म्हणत होते की तुम्हीच पाणी न बघता पळवली, वॉरंटी संपली. ओतूरच्या बाजारात न्यायचा कांदा ओट्यावर कोंब काढत होता.

"नुसती डोक्याला कटकट झालीय," हौशीराम म्हणाला. "देतो सही करून. न्या म्हणावं काय न्यायची ती."

"मग गाडीही गेली आणि वॉरंटीही गेली. अक्कल आहे का?" सयाजी खेकसला.

ओट्यावर धोंडाबाई, हौशीरामच्या आई, बसल्या होत्या. त्या आता रत्नाकडे बघत बोलल्या. "हिला इचारा. चुलत सासरा वारला, सुतक चालू, आन् ही म्हणली गाडी आना. ना हळद ना कुकू. लिंबू सुदिक न्हाई चाकाखाली. ती कशी चालंल?"

रत्नाने मान खाली घातली. शोरूमवाले म्हणाले होते, आज ताबा घ्या, नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाला देतो. घरात तिनेच हट्ट धरला होता. तेव्हापासून गाडी जितक्या वेळा बंद पडली, तितक्या वेळा तिचा उद्धार झाला. गाडी बदलून मिळाली तरच तिला या घरात ताठ मानेने बोलता येणार होतं, हे सयाजीला न सांगताच कळलं.

"सुतक फिटल्यावर पूजा केलीत ना?" त्याने विचारलं.

"कवा करनार? ती गॅरेजात," धोंडाबाई म्हणाल्या. "बिघडलेल्या गाडीला म्या नारळ फोडू देत नसते."

"कुठं देवाला नेली? लग्नाचं भाडं?"

"मामा, ती दोन बाजार धड गेली न्हाई," रत्ना म्हणाली.

सयाजीने बॉनेट उघडलं. बोल्टवर पान्याच्या खुणा होत्या, पण शोरूमनेच तीनदा उघडलेल्या इंजिनावर त्या असणारच. मीटरवर आकडा थोडका होता, त्याचंही त्याला कौतुक वाटलं नाही, कारण मीटरची केबल काढून गाडी पळवणं हा पोरखेळ होता. तो आत बसला, किल्ली फिरवली आणि तपासायचं म्हणून ब्लोअर जोरात सोडला. जाळीतून फस्सकन धूळ उडाली आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर पिवळट थर बसला.

"चालवत नाहीत तर निदान पुसा तरी," तो वैतागून म्हणाला. हौशीरामने आपण ब्लोअर कधी लावलाच नसल्याचं सांगितलं. थंडीचे दिवस, वारा कशाला पाहिजे?

घरी गेल्यावर बायकोने शर्ट पाहून तोंडाचा पट्टा सोडला. डागावर साबण घासला तर तो जायच्या ऐवजी लालभडक झाला, म्हणून तिने शर्ट सयाजीच्या पुढ्यात आपटला. तो जेवता जेवता त्या डागाकडे बघत राहिला आणि भाजीत मीठ नव्हतं हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो हायवेवरच्या शोरूममध्ये गेला. मॅनेजर दादाभाऊ शिंगोटे मीटिंगमध्ये आहेत, असं सांगून त्याला बसवून ठेवलं. चहा आला, गार झाला, मीटिंग संपेना. काचेपलीकडे दादाभाऊ फोनवर हसताना दिसत होते. सयाजीने चरफडत भिंतीवरचे फोटो बघायला सुरुवात केली. किल्ली घेताना प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोटो काढायची इथे पद्धत होती. हौशीरामचा नव्हता, सुतकात फोटो कोण काढणार? पण एक जाडजूड मिशीवाला माणूस दोनदा होता, दोन्हीकडे तसलीच पांढरी पिकअप. एका फोटोत गाडीला झेंडूचा हार होता, दुसऱ्यात माणूस जरा रागात होता.

शेवटी दादाभाऊ बाहेर आले. गोड बोलणारा, इस्त्रीतला माणूस.

"हे कोण?" सयाजीने विचारलं.

"सावळेरामशेठ, अवसरीचे. मोठं प्रस्थ आहे."

"दोन गाड्या घेतल्या?"

दादाभाऊंनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं. "हो, दोन. मोठं गिऱ्हाईक."

"डिंगोऱ्याची गाडी बघायला कंपनीचा इंजिनियर बोलवा ना."

"त्याची काय गरज? ग्राहकाची सही झाली की विषय मिटला."

सयाजीने पुढे काही विचारलं नाही. तो तसाच अवसरी खुर्दला गेला. शेठच्या दारात एकच पांढरी पिकअप उभी होती. कांदा न्यायला दोन्ही गाड्या भाड्याने मिळतील का, असं त्याने विचारलं, आणि मग शेठ चहा संपेपर्यंत बोलत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शोरूमची जीप दोर घेऊन डिंगोऱ्याला आली. दादाभाऊ जातीने आले होते. दोर पिकअपला बांधून झाला, कागद बॉनेटवर ठेवला गेला आणि हौशीरामने पेन हातात घेतलं.

"थांब," सयाजी म्हणाला. "दादाभाऊ, ही गाडी नवी आहे?"

"म्हणजे काय? शोरूममधून थेट इथं आली."

सयाजीने पिशवीतून शर्ट काढून धोंडाबाईंच्या पुढे धरला. "मावशी, पिवळा डाग होता. साबण लावला तर लाल झाला. कशाचा?"

"हळदीचा," धोंडाबाई ताबडतोब म्हणाल्या.

"या गाडीच्या ब्लोअरमधनं उडाली. आत मूठभर तरी साठलीय. तुम्ही गाडीला हळदीचं बोट लावलं नाही, देवाला नेली नाही, लग्नाला नेली नाही. मग आली कुठून?"

दादाभाऊ घड्याळ बघू लागले.

"हा भंडारा आहे," सयाजी म्हणाला. "सावळेरामशेठ खंडोबाचे भक्त. नवी गाडी घेतली ती तडक धामणीला नेली, दारं उघडी टाकून पोरांनी पोतंभर भंडारा उधळला. येताना चढाला इंजिन उकळलं. दुसऱ्या दिवशी शेठ माणसं घेऊन शोरूमपुढे ठाण मांडून बसले आणि यांनी घाबरून तिथल्या तिथे दुसरी गाडी दिली. शेठनी ही हकिकत मला फुशारकीने सांगितली. दोन फोटो आहेत, गाडी एकच. पासिंग झालं नव्हतं, त्यामुळे कागदावर शेठचं नाव चढलंच नाही. गाडी धुतली, मीटर मागे फिरवलं, आणि वाट बघत बसले. त्यांना असं गिऱ्हाईक पाहिजे होतं, जे बारकाईने बघणार नाही. सुतकातली माणसं घाईत होती, फोटो नको, पूजा नको म्हणत होती. म्हणून आजच ताबा घ्या, हा आग्रह."

"पुरावा काय?" दादाभाऊंनी विचारलं.

"इंजिन. कंपनीचा इंजिनियर ते उघडेल तेव्हा हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, आधीच वाकलेलं दिसेल. त्याला यायला लागू नये म्हणून तर दुरुस्त्यांवर दुरुस्त्या चालल्या होत्या. बदलून द्यायची तर कंपनीला कळवावं लागलं असतं. आणि ही सही झाली असती तर कायमचं झाकलं गेलं असतं. बोलावू फोन करून?"

दादाभाऊंनी रुमालाने कपाळ पुसलं. ते बॉनेटला टेकले आणि हळूच म्हणाले, "कंपनीला नको. उद्या सकाळी कोरी गाडी दारात आणतो. शब्द देतो. ही आत्ता घेऊन जातो, कुणाला काही बोलू नका."

हौशीरामचा चेहरा उजळला. धोंडाबाईंनी सुनेकडे पाहिलं.

रत्ना पुढे झाली आणि तिने गाडीतून किल्ली काढून घेतली.

"ही कुठं जानार?" तिने विचारलं.

"ते आम्ही बघू, ताई."

"तेच इचारते. कुनाच्या दारात?"

दादाभाऊंनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"कंपनीचा मानूस येऊ द्या," रत्ना म्हणाली. "त्यानं बघितल्याबिगर ही हितनं हलायची न्हाई."

हौशीराम चिडला. महिनाभर जीव मेटाकुटीला आला होता आणि आता हाताशी आलेली गाडी ही बाई घालवत होती. "अगं, आपली बदलून मिळती ना? मंग आपल्याला काय करायचंय?"

"सावळेरामशेठ बी असंच म्हनले असतील," रत्ना म्हणाली.

हौशीरामने पेन दादाभाऊंच्या खिशात खोचलं, खाली वाकला आणि पिकअपला बांधलेल्या दोराची गाठ सोडायला लागला.