वाळक्या पानाची गाडी

बाबांनी गाडी चालवणं सोडावं म्हणून मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते. फुकुशिमाच्या बाजारात त्यांनी ब्रेकऐवजी भलतंच दाबलं आणि नाशपातीच्या पेट्यांचा ढीग आडवा केला. मध्ये माणूस नव्हता हे नशीब. पण माझे वडील तेइझो, वय एक्क्याऐंशी, परवाना परत करायचा विषय निघाला की सोयीस्कर बहिरे व्हायचे.

खरं कारण एकदा जेवताना बाहेर पडलं.

"परवाना देऊन टाकला तर तिला पानं कोण दाखवणार?"

ती म्हणजे आई. याच वर्षी चेरी फुलत असताना गेली. दर शरदात बाबा तिला अझुमाच्या डोंगरात लाल पानं बघायला न्यायचे. तिला स्वतःला गाडी येत नव्हती. अंगानं एवढीशी, काचेबाहेरचं दिसावं म्हणून बाबांशेजारी निळ्या उशीवर बसायची. तिच्याकडे एकच काम होतं. आमच्याकडे कुणी वाट दिली की चारही इंडिकेटर दोनदा लुकलुकवून आभार मानतात. ते बटण आई दाबायची, आणि तिसऱ्यांदाही. दोनदा म्हणजे कंजूसपणा, असं तिचं मत.

मला गलबलून आलं. "एकदा जाऊ. शेवटचं. पण आल्यावर परवाना जमा करायचा," मी म्हणाले.

"बघू."

"बघू नाही, बाबा. शब्द द्या."

त्यांनी लोणच्याच्या मुळ्याचा तुकडा बराच वेळ चावला आणि मान हलवली.

निघालो तेव्हा ऊन होतं. शेजारच्या सीटवर निळी उशी, तिच्यावर पट्ट्यानं बांधलेला आईचा फोटो. मी मागे बसले.

"म्हाताऱ्याचं चिन्ह तरी लावायचं होतं मागे," मी म्हणाले.

"वाळकं पान? ते तुझ्या आईला दिलं."

सत्तरी उलटली की गाडीच्या मागे पानाच्या आकाराचं चिन्ह लावतात. अर्धं पिवळं, अर्धं केशरी, लोहचुंबकाचं. लोक त्याला वाळकं पान म्हणतात. आईनं ते हौसेनं आणलं होतं. ती लावायची, नेहमी तिरकंच, आणि बाबा काढून टाकायचे. अंत्यविधीच्या दिवशी शवपेटीत शेवंतीची फुलं ठेवताना, दहनगृहातल्या माणसाची नजर चुकवून, बाबांनी ते तिच्या कुशीत सरकवलं होतं. तुझं पान तूच ने, असं पुटपुटले होते. नंतर राखेत त्याची खूणही सापडली नव्हती.

वळणावळणानं वर चढलो. खाली पिवळे बर्च, वर मेपलचा जाळ. एका टपरीवर सोयात उकळलेले, काडीला टोचलेले कोन्न्याकू कंदाचे गोळे घेतले. बाबांनी एक काडी फोटोसमोर धरली, मग स्वतःच खाल्ली. "तिला मोहरी जास्त लागायची," म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला, आणि मला आतून बरं वाटलं.

खिंडीच्या अलीकडे धुकं उतरलं. गंधकाचा वास आला. रस्ता ओल्या पानांखाली गेला होता.

"बाबा, थांबूया."

"इथे थांबलो तर मागचा येऊन धडकेल."

तेवढ्यात पुढे एक गाडी दिसली. छोटी, पांढरी. कुठून आली ते मला कळलं नाही. ती बेतानं जात होती, वळण आलं की आधीच मंद व्हायची. बाबांनी तिचे मागचे दिवे धरले.

"नीट चालवतोय," ते म्हणाले. "जरा जास्तच नीट. नवशिका दिसतो."

मी डोळे बारीक केले. चालकाच्या सीटवर डोकं दिसत नव्हतं. माणूस फारच बुटका असावा. मागच्या पत्र्यावर काहीतरी पिवळं-केशरी होतं. वाळकं पान. तिरकं लावलेलं.

मी बोगदे तपासते. हातोडीनं भिंत ठोकायची, पोकळ वाजली की खूण करायची. न वाजणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. अशी पानं हजारो गाड्यांवर असतात, मी मनाशी म्हटलं. तिरकी लावणारेही कमी नसतील.

बाबांनी काच खाली केली.

वळण आलं. पुढच्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकले.

एकदा.

दोनदा.

मग तिसऱ्यांदा.

बाबांनी ब्रेक दाबला. बरोबर ब्रेकच.

आमची गाडी थांबली. समोर धुकं होतं, आणि गाडी नव्हती.

मी उतरून चालत पुढे गेले. पाचेक पावलांवर रस्ता संपला होता. अख्खा कडा दरीत गेला होता, आणि खालून दगड घरंगळल्याचा आवाज अजून येत होता. मी मागे वळून पाहिलं. आमच्या चाकांमागे पानं चिरडलेली होती. आमच्यापुढची पानं जशी पडली तशीच होती, एकही दबलेलं नव्हतं.

बाबा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते, पण ते हसत होते.

"आईला गाडी येत नव्हती, बाबा."

"शिकली वाटतं," ते म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

परत मी चालवली. बाबा शेजारी बसले, उशी आणि फोटो मांडीवर घेऊन. घरी पोचल्यावर त्यांनी उशी पुन्हा शेजारच्या सीटवर ठेवली, माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि घरात आईच्या फोटोपुढे नैवेद्याच्या भाताच्या वाटीशेजारी ठेवून दिली. दोन दिवसांनी पोलीस ठाण्यात परवाना जमा केला. मी हात धरायला गेले तर म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" येताना बसमध्ये गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुवावी म्हणून मी किल्ली उचलली. घरामागच्या शेडमध्ये जाऊन दार उघडलं, बसायला गेले, आणि गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट अगदी पुढे ओढलेली होती. वरचा आरसा खाली कललेला. निळी उशी चालकाच्या सीटवर होती.

मी सीटच्या खालच्या दांड्याला हात घातला.

घरातून, जिथून ही शेड दिसतसुद्धा नाही, बाबांची हाक आली.

"मिसाओ, सीट मागे घेऊ नकोस गं. तिचे पाय पोचत नाहीत."