बिनधास्त पेटवा

मशीनच्या पडद्यावर कोटाच्या खिशात एक छोटा चौकोन दिसला आणि मी पट्टा थांबवला.

विमानतळावर लोकांचं सामान तपासून तपासून माझी नजर अशी झालीय, की लग्नाचे फोटो बघतानाही मी आधी पाहुण्यांचे खिसे बघते. हा चौकोन लायटरचा होता, यात शंकाच नव्हती.

"हा कोट कुणाचा?"

"माझा..." ट्रेच्या पलीकडून आवाज आला. उंच, किंचित वाकलेला, पायात नुसते मोजे. नखांत काहीतरी पांढरं अडकलेलं.

"खिशात लायटर आहे. विमानात चालत नाही. त्या पेटीत टाका."

त्याने तो बाहेर काढला आणि तळहातावर असा धरला, जसं घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं.

"मॅडम, यात पेट्रोल नाही, चकमक नाही. मी सिगारेटसुद्धा ओढत नाही. जाहिरातीचे जुने लायटर जमवतो मी. सकाळी भंगारवाल्याकडे मिळाला आणि खिशात राहून गेला. हा पेटतच नाही हो—"

"इथे कुणाचाच लायटर पेटत नाही आणि कुणाचीच कात्री कापत नाही."

तो हसला. एरवी लोक या वाक्यावर चिडतात. मी जरा गोंधळले आणि गोंधळ लपवायला लायटर हातात घेतला. निळ्या मीनाकामावर पांढरी अक्षरं होती— 'शीतज्वाला अग्निशामक यंत्रे'. आणि खाली बारीक अक्षरांत, 'बिनधास्त पेटवा. विझवायला आम्ही आहोत.'

"अगंबाई! ही तर बाबांची कंपनी," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुमचे वडील मालक होते?"

"मालक कसले! दारोदार फिरून ती लाल नळकांडी विकायचे."

"मग ते... आहेत?"

"पहिल्या भेटीत असं विचारतात?"

"नाही, म्हणजे..." त्याचे कान लाल झाले. "या कंपनीचा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. इथे येतानाच लायटरच्या पाठीवरच्या पत्त्यावर जाऊन आलो. तिथे आता गाड्या धुतात."

मागची रांग कुरकुरायला लागली. आमच्या वरिष्ठ ताई शेजारच्या पट्ट्यावरून खाकरल्या. त्यांचं खाकरणं म्हणजे हुकूमच.

"विमान की लायटर, काय ते ठरवा," मी म्हटलं.

त्याने एकदा विमानाच्या पासाकडे बघितलं, एकदा लायटरकडे. मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. बूट हातात घेऊन म्हणाला, "लायटर." आणि रांगेतून उलटा बाहेर चालायला लागला.

माझी ड्यूटी संपली तेव्हा तो बाहेरच्या बाकावर बसलेला होता.

"विमान?"

"गेलं."

"महत्त्वाचं काम होतं?"

"दातांचं प्रदर्शन होतं. मी कवळ्या बनवतो. पण दात काय, कुठेही बघायला मिळतात." आणि मग एकदम धीर करून, "तुमचे वडील मला भेटतील?"

नखांतलं पांढरं म्हणजे प्लास्टर होतं तर. मी पत्ता दिला. का दिला, कुणास ठाऊक! पुढचे चार दिवस स्वतःला तेच विचारत होते.

खरं तर मला धास्ती वाटत होती. कंपनी बुडाल्यापासून बाबांनी त्या विषयाला कुलूप घातलं होतं. आयुष्य ज्या कंपनीत गेलं तिने एका सकाळी दाराला टाळं लावलं आणि साधं 'येतो' म्हणायलाही कुणी थांबलं नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. अजूनही कुठल्याही इमारतीत शिरले, की भिंतीवरच्या लाल नळकांड्याचा काटा बघतात, मान हलवतात आणि पुढे जातात.

रविवारी तो आला. अंगाला लवंगेच्या तेलाचा मंद वास, केस पाणी लावून बसवलेले. त्याने लायटर बाबांसमोर ठेवला.

बाबांनी चष्मा पुसला. अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"ही ओळ माझी," ते म्हणाले.

"कुठली ओळ?" मी विचारलं.

"बिनधास्त पेटवा, विझवायला आम्ही आहोत. मालकांना 'आपल्या सुरक्षेसाठी सदैव तत्पर' असं हवं होतं. मी म्हटलं, साहेब, असलं वाचून लोक सिगारेट नाही पेटवणार, जांभई देतील."

तो खो खो हसला. बाबा चकित होऊन त्याच्याकडे बघायला लागले. त्यांच्या विनोदावर आमच्या घरात कुणी हसून जमाना झाला होता. मग काय, धरण फुटलं! दुकानदाराची सिगारेट आधी स्वतः पेटवून द्यायची आणि तो पहिला झुरका घेत असताना नळकांडं टेबलावर ठेवायचं. लायटर फक्त घाऊक गिऱ्हाइकाला, किरकोळवाल्याला नुसतं कॅलेंडर. लायटर बनवणारा कारखाना कोरेच पाठवायचा आणि अक्षरं आपल्याकडचा एक मीनाकार भरायचा... तो कवळीवाला तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होता. त्याच्याकडचे गादीवाल्यांचे, छत्रीवाल्यांचे, विमावाल्यांचे लायटर, प्रत्येकामागची बुडालेली नाहीतर विकली गेलेली कंपनी, हे सगळं तो सांगायचा आणि बाबा लहान मुलासारखे 'मग? मग?' करायचे.

"पण खरी गंमत वेगळीच," बाबा आवाज खाली आणून म्हणाले. "एका खेपेला मीनाकाराने खालची ओळ अर्धीच भरली. 'बिनधास्त पेटवा.' बस्स! आग विझवणारी कंपनी आणि लायटरवर लिहिलंय, बिनधास्त पेटवा! मालक असे भडकले, की सगळा माल भट्टीत घालून वितळवला. एक तेवढा मी खिशात टाकला होता."

"तो आहे?" कवळीवाला खुर्चीच्या कडेवर आला.

"घरातच कुठेतरी असणार. घर बदलताना इकडचं तिकडे झालं. शोधू या की!"

अशी त्या शोधमोहिमेला सुरुवात झाली. दर रविवारी दोघं माळ्यावर चढायचे, ट्रंका उपसायचे आणि संध्याकाळी धुळीने माखून चहा प्यायचे. मी आपली शिडी धरून उभी. मग त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला जायचं, हे माझं काम. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण आई म्हणायची, "जा गं, त्यांना वळण चुकेल." रस्ता नाकासमोर सरळ होता.

"एक विचारू?" एकदा मी म्हटलं. वाऱ्यावर सुकलेली पानं आमच्या पायांत घोटाळत होती. "तुम्ही येता ते माझ्यासाठी, की बाबांसाठी?"

"येतो त्यांच्यासाठी." तो थांबला. "पण जाताना इतका हळू चालतो... ते कुणासाठी?"

माझीच चाल आणखी मंद झाली.

आता खरं सांगते. तो लायटर कुठे आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आई नायलॉनच्या पिशव्या शिवते. शिवण संपली की दोऱ्याचं टोक जाळून चिकटवावं लागतं, नाहीतर उसवतं. त्यासाठी तिच्या मशीनच्या खणात एक लायटर असतो. हाताला चटका बसू नये म्हणून तिने त्याला कापडी पट्टी गुंडाळली आहे. लहानपणी एकदा मी ती पट्टी सोलून बघितली होती. आत, कंपनीच्या नावाखाली दोनच शब्द होते.

बाबा माळ्यावर धूळ खात होते आणि त्यांच्या पायाखालच्या खोलीत आई त्याच लायटरने टोकं जाळत होती! सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी तो कशाला आला असता? दुसऱ्यांनी लपवलेलं शोधायचा मी पगार घेते. आणि स्वतः मात्र...

मग एका रविवारी त्याने आल्या आल्या बातमी सांगितली. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेने त्याला बोलावलं होतं. चांगला हुद्दा, बारा माणसं हाताखाली. उद्या उत्तर द्यायचं होतं.

"वा! जायलाच हवं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मात्र माळ्यावरच्या रिकाम्या ट्रंकेसारखा पोकळ वाजला. "चला, शेवटचं एकदा शोधू. तुम्हाला रिकाम्या हाती नाही पाठवणार."

आणि ते गुडघा दाबत शिडीकडे निघाले. मला ते बघवेना. मी तडक आईच्या खोलीत गेले.

"आई, तो लायटर दे."

आईने मशीन थांबवलं नाही. "मी केव्हाची वाट बघतेय, तू कधी मागतेस याची."

"तुला माहीत होतं?"

"तीस वर्षं वापरतेय, मला माहीत नसेल? तू सांगशील म्हणून मी थांबले, मी सांगेन म्हणून तू थांबलीस. बिचारे ते दोघं चढतायत आपले."

मी लायटर घेऊन बाहेर आले, पट्टी सोलली आणि त्याच्या हातावर ठेवला. "सुरुवातीपासून माहीत होतं मला. मुद्दाम नाही सांगितलं. तुम्ही... रागावलात तरी चालेल."

त्याने लायटरकडे धड बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडेच बघत राहिला.

"दुसऱ्याच रविवारी बघितला होता मी," तो हळूच म्हणाला. "पाणी प्यायला आत गेलो, तर आईंनी सुईत दोरा ओवायला सांगितला आणि माझ्यासमोरच टोक जाळलं. नुसत्या बिजागरीवरून ओळखला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पुढच्या रविवारी काय शोधायला आलो असतो?"

शिडीवरून बाबांचा आवाज आला. "म्हणजे? घरातल्या सगळ्यांना माहीत होतं? आणि मी तीन महिने माकडासारखा माळ्यावर?"

"त्यानेच गुडघे मोकळे झाले," आई दारात येऊन म्हणाली. मग तिने शांतपणे त्याच्या हातातला लायटर काढून घेतला. "आणि हा काही मिळायचा नाही हं. माझं काम अडतं. बघायचा असेल तेव्हा घरी यायचं."

बाबा वरून म्हणाले, "अगं, तो दुर्मीळ आहे!"

"मीही एकच आहे," आई म्हणाली आणि आत गेली.

आम्ही बसथांब्यावर पोचलो. समोरच्या दुकानाचे दिवे लागले. मलाच राहवलं नाही.

"उद्या काय उत्तर देणार?"

"तुम्ही म्हणाल ते."

"माझ्यावर ढकलू नका. तुम्हाला काय हवंय ते बोला. स्पष्ट."

त्याने खिशात हात घातले, काढले, पुन्हा घातले. विमान सोडताना हा माणूस एवढा अडखळला नव्हता.

"मला... रविवार हवाय. इथला. दर आठवड्याचा." त्याने हात खिशातून बाहेर काढले. "आणि तुमची हरकत नसेल, तर सोमवारसुद्धा."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी कवळ्यांचं काम फार असतं... पण संध्याकाळी मोकळा होतो."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम आलं की तोंडाचं काय होतं, ते बरं दिसत नसणार. पण त्याला ते बरं दिसत असावं.

"मग ये ना," मी म्हटलं. "बाबांसाठी नको. मला भेटायला ये."

'ये' हा शब्द त्याने नीट ऐकला. ओठांत एकदा घोळवूनही बघितला.

"येईन," तो म्हणाला. "पण तू मला रोज सोडायला यायचंस. मला वळण चुकतं."

बस आली. थांबली. चालकाने आमच्याकडे बघून भोंगा वाजवला, मग मान हलवून निघून गेला. बसला हात करायचा तर कवळीवाल्याचा एकही हात मोकळा नव्हता... आणि माझाही.