दहा तासांची मुदत

ताइनानच्या विद्यापीठातल्या संगणक केंद्रात सकाळ पूर्वेच्या अरुंद खिडकीतून येई, आणि तीही कधी घाईने नाही. आधी चौकटीची कड फिकट पिवळी होई. मग काचेवरची धूळ कणाकणाने दिसू लागे. मग बाहेरच्या गुलमोहरातून गाळलेला उजेड फरशीवर उतरे आणि सावकाश सरकत सरकत यंत्रांच्या करड्या कपाटांपाशी येऊन थांबे. वर चढावे की न चढावे, असा जणू त्याला क्षणभर प्रश्न पडे. कपाटाच्या माथ्यावर केंद्राची नोंदवही सांभाळणाऱ्या हुइ मावशींनी ठेवलेली खाऊची हिरवी पुडी असे. यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून ठेवलेली ती पुडी तारीख उलटण्याआधी न चुकता बदलली जाई, आणि उजेड तिच्यापर्यंत पोहोचला की साडेसात वाजले असे समजावे. त्यात पाहण्यासारखे काहीच नव्हते. रोजचाच उजेड, रोजचीच भिंत. पण लाइ शू-हंग तो सारा प्रवास रोज पाही. सत्तावीस वर्षांच्या तरुणाला माणसांपेक्षा उजेडाची सोबत बरी वाटे, कारण उजेड काही विचारत नाही.

त्याचे काम मात्र निष्ठुर होते. साऱ्या विद्यापीठाला मिळून एकच मोठे यंत्र, आणि त्याच्या दाराशी शेकडो प्रोग्रामांची रांग. कोणाची पाळी केव्हा आणि किती वेळ, हे यंत्र ठरवी. पण मर्यादा शू-हंग घालून देई. विद्यार्थ्याच्या प्रत्येक प्रोग्रामला प्रोसेसरचे दहा तास. मुदत संपायला पाच मिनिटे उरली की यंत्र इशारा देई, की आता आवर. आणि दहा तास भरले की ना इशारा, ना विनवणी. प्रोग्राम जागच्या जागी बंद. नवा प्रोग्राम कुठूनही लावता येई; पण थांबलेला पुन्हा लावायचा, तर विद्यार्थ्याने स्वतः येऊन हुइ मावशींच्या नोंदवहीत सही करायची आणि रांगेच्या शेपटाला उभे राहायचे, ही केंद्राची जुनी रीत.

एप्रिलमधल्या एका सकाळी उजेड अजून फरशीवरच होता, तोच दार ढकलले गेले.

"माझा प्रोग्राम कोणी मारला?"

दारात एक मुलगी उभी होती. पायांत चिखलाने माखलेले रबरी बूट, एका हातात सोयादुधाचा वाफाळता पेला, आणि केसांना खाऱ्या वाऱ्याचा वास… तो तर दारातूनच येत होता.

शू-हंग धडपडत उठला. "मी… म्हणजे, नियमाने."

"अरे वा, नियमाला तोंड आहे! आणि ते लालही होतं."

तिचे नाव को मिन-यू. मत्स्यविज्ञानाची विद्यार्थिनी. किनाऱ्यावर तिच्या वडिलांची आणि गावकऱ्यांची मिळून एकतीस माशांची तळी होती. हिवाळ्यात थंडीची लाट आली की एका रात्रीत मासे पालथे पडत. कोणते तळे केव्हा गारठेल, हे आधीच सांगणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. पण एका तळ्याच्या हिशेबाला सव्वाअकरा तास लागत, आणि दहाव्या तासाला सारे पाण्यात जाई.

शू-हंगने तिचा प्रोग्राम उघडून पाहिला. पाहता पाहता त्याच्या कपाळाला आठी पडली.

"इशारा तर गेला होता. यानं ऐकलाच नाही. ही ओळ कोणी लिहिली?"

"माझ्या आधीच्यानं. मी तशीच उचलली. का?"

"इशारा आला तर दुर्लक्ष कर, असं लिहिलंय."

"मुलगाच असणार," ती म्हणाली.

शू-हंगला हसू आले, आणि ते लपवायला त्याने पडद्यात आणखी डोके घातले. इशारा मिळताच झालेले काम जपून ठेवायचे आणि शहाण्यासारखे थांबायचे, म्हणजे पुढच्या पाळीला तिथूनच सुरुवात करता येते. हे त्याने तिला समजावले. ती हनुवटीवर हात टेकून ऐकत होती. पडद्याकडे पाहत नव्हती, एवढेच.

"आणि एक," तो म्हणाला, "प्रोग्राम नुसता झोपून असेल तर तो वेळ धरत नाहीत. काम करतो तेवढाच मोजतात."

"म्हणजे मी इथं नुसती बसून राहिले, तर कोणी मोजणार नाही?"

"…नाही."

"मग ठीक आहे, सीनियर," असे म्हणून तिने खुर्ची ओढली.

त्यानंतर ती जवळजवळ रोजच येऊ लागली. रात्रभरात दहा तास संपत, सकाळी सही करायची, उरलेला सव्वा तास रांगेतून केव्हातरी मिळे, आणि मग पुढचे तळे. येताना ती अंड्याची गरम पोळी आणी आणि न विचारता अर्धी त्याच्या पुढ्यात ठेवी. मे महिना लागला तेव्हा ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली होती. तो मात्र नियमाचा पक्का. अजून 'तुम्ही'च म्हणे.

"शू-हंग," एकदा हुइ मावशी नोंदवही झटकत म्हणाल्या, "केंद्र नऊला उघडतं. तू सातला येऊन काय करतोस रे?"

"उजेड बघतो."

"हो का! अलीकडे उजेड रबरी बूट घालून येतो वाटतं."

मिन-यू खळखळून हसली. शू-हंगने मर्यादांचा तक्ता उघडला आणि त्यात काहीही बदलायचे नसताना तो खालपर्यंत वाचून काढला.

एरवी, ती गेल्यावर, तो स्वतःची समजूत घाली. ती कामासाठी येते. तळी एकतीस आहेत आणि एकतीस ही संख्या कधीतरी संपते. संपली की ती जाईल, आणि तेच योग्य. अशा विचाराने त्याच्या छातीत काहीतरी बारीक आवळून येई. पण आवळून आलेल्या गोष्टींकडे पाहायचे नाही, ही त्याची लहानपणापासूनची सवय होती.

जून आला. गुलमोहर असा फुलला की खिडकीतला उजेडही तांबूस होऊन येऊ लागला. तीस तळी झाली. एकतिसावे तिच्या वडिलांचे. प्रबंध सोमवारी सकाळी नऊपर्यंत विभागात द्यायचा होता. चुकला तर पदवी जानेवारीवर आणि पेंगहू बेटावरच्या मत्स्यकेंद्रातली ठरलेली नोकरी दुसऱ्याला. आणि नेमका तळ्यातला तापमापक बिघडला. नवे आकडे हाती आले ते रविवारी संध्याकाळी.

सोमवारी ती आली तेव्हा सात वाजून दहा मिनिटे झाली होती. पोळी नव्हती, पेला नव्हता, ओठ कोरडे.

"किती झाले?"

"नऊ तास चाळीस मिनिटं." शू-हंगने पडद्यावरचा आकडा वाचला. "साडेसातला मुदत संपेल. पुढे रांगेत पाच जण आहेत. तुमची पाळी… संध्याकाळी."

"सव्वा तास, सीनियर. फक्त सव्वा तास!"

"सगळ्यांना सारखाच नियम आहे. तुमच्यासाठी मोडला तर त्या पाचजणांना मी काय सांगू?"

तिने मान खाली घातली. "मोड असं मी म्हटलं नाही," ती हळूच म्हणाली. "तुला ते जमणारही नाही. म्हणून तर…"

त्या अर्ध्या वाक्याने तो कासावीस झाला. म्हणून तर काय? विचारायला हवे होते. घड्याळात सात वाजून सोळा मिनिटे झाली होती.

"आणि तुझे तास रे?" मागून आवाज आला. हुइ मावशी दारात छत्री मिटत उभ्या होत्या. "कर्मचाऱ्याला स्वतःच्या प्रयोगाला रोज दोन तास मिळतात, रांगेशिवाय. हवे तर सही करून विद्यार्थ्याला देता येतात. तू वर्षात एकदाही वापरले नाहीस. वही माझ्याकडेच असते, बाबा."

शू-हंगचा चेहरा कानांपर्यंत पेटला. त्याने एका दमात सही केली. इतक्या जोराने, की कागद फाटता फाटता राहिला. मग तो खुर्चीत बसला. सात वाजून एकवीस. त्याने इशाऱ्याची वेळ दोन तास पुढे ढकलली…

यंत्राने नकार दिला.

"काय झालं?" मिन-यू त्याच्या खांद्यावरून वाकली.

"नाही म्हणतंय… थांबा, थांबा—" तेवीस. ज्या माणसाने हे काम हजार वेळा केले होते, त्याला साधी गोष्ट आठवेना. तिचा श्वास कानाशी येत होता, आणि त्या माणसाला स्वतःचे नावही धड आठवले नसते.

"सीनियर, श्वास घे!"

त्याने श्वास घेतला. आणि आठवले. इशारा कधी अंतिम मुदतीच्या पलीकडे जाऊ शकत नाही. आधी मुदत वाढवायची, मगच इशारा! मूर्ख! चोवीस. त्याने मुदत बारा तासांवर नेली, इशारा तिच्या पाच मिनिटे अलीकडे, आणि कळ दाबली.

पडद्यावर एकच ओळ आली. मान्य.

पंचवीस. सव्वीस. प्रोग्राम चालत होता. साडेसात वाजले, वर एक मिनिट झाले… चालत होता! मिन-यूने त्याचा दंड इतका घट्ट धरला की नंतर दिवसभर तिथे चार बोटे उमटलेली होती.

मग वाट पाहणे. हुइ मावशींना अचानक बाहेरची झाडे पाहावीशी वाटली.

"नऊनंतर मी इथं येणार नाही," मिन-यू म्हणाली. "माहीत आहे ना?"

"हो."

"एवढंच?"

"अभिनंदन… आगाऊ."

"देवा!" ती छताकडे पाहत म्हणाली.

आठ वाजून त्रेचाळीस मिनिटांनी एकतिसाव्या तळ्याचा आलेख पडद्यावर उमटला. छपाईयंत्रातून कागद पुरता बाहेर येण्याआधीच तिने तो ओढला, आणि प्रबंधाचा गठ्ठा छातीशी धरून ती गुलमोहराखालून अशी पळत सुटली की मागे पाकळ्या उडत राहिल्या. शू-हंग खिडकीशी उभा होता. संपले, असे तो मनाशी म्हणाला. खोली फार शांत होती. यंत्र रांगेतल्या पुढच्या माणसाचे काम निमूट करू लागले होते.

नऊ वाजून दहा मिनिटांनी दार धाडकन उघडले.

"झाली सही! शेवटून दुसरी होते मी!" ती धापा टाकत, हसत आत आली, आणि अर्ध्या खोलीत येऊन एकाएकी थांबली. हसू ओसरले. "पळताना माझ्या डोक्यात एक हिशेब आला."

शू-हंग खिडकीपासून वळला.

"तळ्याला लागतात सव्वाअकरा तास. मला मिळतात दहा. तुझ्याकडे रोज दोन पडून होते. एप्रिलपासून." ती एकेक शब्द नीट मांडत होती. "प्रत्येक तळं एका दमात झालं असतं. ना थांबणं, ना रांग, ना सही. आज मी रडायची बाकी होते, शू-हंग. का नाही दिलेस?"

तिने त्याला नावाने हाक मारण्याची ती पहिलीच वेळ.

त्याने सवयीने नियम शोधला. इतके नियम त्याला पाठ होते; एखादा तरी उपयोगी पडायला हवा होता. पण ते दोन तास देऊ नयेत असे कुठेच लिहिलेले नव्हते. ते आहेत हे त्याला पहिल्या दिवशीच ठाऊक होते, आणि रोज सकाळी ते ठाऊक नसल्यासारखे करून तो तिच्यापुढे नोंदवही सरकवत आला होता.

"नियम सांगू नकोस," ती म्हणाली. ओठांचा एक कोपरा मात्र तिच्या ताब्यात राहिला नव्हता. "मी रागवायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. खरं सांग."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. शू-हंगने मान वर केली, आणि या वेळी नजर पडद्याकडे वळवली नाही.

"दिले असते," तो म्हणाला, "तर तू दुसऱ्या दिवशी आली नसतीस."