सीताफळाचा कंटेनर मुका झाला!

“सविताबाई, मागचा सगळा माल दुबईत नासला तो तुमच्या बायांमुळं! अर्धाच गोठलेला गर भरला तुमी!”

काकासाहेब एवढ्या जोरात ओरडला, की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं भर्रकन उडाली.

सविताबाई हातातला थर्मामीटर घट्ट धरून म्हणाली, “उणे अठरा बघितल्याशिवाय एक पिशवी भरली न्हाई मी.”

“मग काय जहाजानं वितळवला? का समुद्रानं?”

जामखेडच्या अलीकडं माळावर ही पल्प शेड होती, शेतकऱ्यांच्या गटाची. सविताबाईच्या देखरेखीखाली चाळीस बाया सीताफळाचा गर काढायच्या, पिशव्यांत भरून दगडासारखा गोठवायच्या. मग रीफर कंटेनर यायचा. म्हणजे काय, तर चाकांवरचा खोलीएवढा फ्रीज! त्याच्या पोटाखाली डिझेलवरचा जनरेटर सारखा गुरगुरत असायचा. तो गुरगुरला तरच आत थंडी. गाडी मुंबईजवळच्या बंदरावर जायची आणि तिथून जहाजानं माल थेट दुबईला. गाडी बंदरापर्यंत पोचवायचं काम काकासाहेबाचं.

गटाचे अध्यक्ष आबासाहेब मधे पडले. ते मधे पडले की भांडण मिटायच्या ऐवजी वाढायचं, असा त्यांचा लौकिक होता.

“बास! सविताबाई, दुबईवाल्यानं सांगितलंय, हा शेवटचा कंटेनर. हाबी नासला तर शेडला कुलूप. आन जबाबदार तुमी!”

बाहेर सालींच्या ढिगामागं तीन टाळकी हे सगळं ऐकत होती. सविताबाईची बारा वर्षांची अश्विनी, तिच्या वर्गातला भीमा, आणि भीमाची चुलत बहीण रुपाली. दिवाळीची सुट्टी लागली होती. त्यामुळं तिघांना उद्योग नव्हता आणि गावाला शांतता नव्हती.

अश्विनीचा चेहरा उतरला. शेडला कुलूप म्हणजे काय, हे तिला पक्कं माहीत होतं. कुलूप म्हणजे कोयता! दोन वर्षांपूर्वी आईबरोबर ती श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला गेली होती. पाचटानं शाकारलेल्या कोपीत राहिली आणि पाच महिने शाळेचं तोंड बघितलं नव्हतं.

“मी न्हाई जानार परत,” ती दात ओठ खात म्हणाली.

भीमानं तोंडातली सीताफळाची बी नेम धरून मारली. टप्प! बी काकासाहेबाच्या मानेवर बसली.

“कोन हाय रं तिकडं?”

तिघं ढिगामागं आडवी झाली.

“भीम्या, गप की!” रुपालीनं त्याला चिमटा काढला.

“गप कसा बसू? लबाड बोलतोय त्यो! म्हनं गाडी हितनं निघाली की थेट बंदर. मागची गाडी गेली तवा मी त्याच्या मेव्हन्याच्या धाब्यामागं गेल्तो. हाच निळा कंटेनर उभा हुता. मी सावलीला टेकून बसलो, तर साधी गुरगुर न्हाई. पार मुका!”

अश्विनी ताडकन उठून बसली. “किती येळ?”

“सकाळी हुता, दुसऱ्या दिवशीबी हुता.”

“आन हे तू आत्ता सांगतोस?”

“मला काय म्हाईत, मुका कंटेनर म्हंजी आजारी कंटेनर!”

रुपालीचं डोकं वेगळ्याच वाटेनं पळत होतं. तिची आई घरी कुल्फ्या विकायची. गावात वीज कधी जाईल आणि कधी येईल, याचा नेम नसायचा. म्हणून फ्रीजरमध्ये बर्फानं भरलेला एक पेला कायम असायचा आणि बर्फावर रुपयाचं नाणं. रानातून आल्यावर आई आधी पेला बघायची. नाणं वरच असेल तर कुल्फ्या चांगल्या. नाणं तळाला गेलं असेल तर मधे सगळं वितळून परत गोठलंय. असल्या कुल्फ्या विकायच्या नाहीत. गावातल्या सगळ्या फ्रीजवाल्यांकडं हीच रीत.

“त्यो पेलाच ठिवायचा कंटेनरमधे!” रुपाली म्हणाली आणि घराकडं सुसाट सुटली. दहा मिनिटांत ती पिशवीत पेला आणि आईचा मोबाईल घेऊन शेडच्या मागच्या दारानं आत घुसली.

दुपारी दोनला दार बंद झालं, सील लागलं आणि निळा कंटेनर गुरगुरत बाहेर पडला. त्याच्या मागं काकासाहेबाची मोटरसायकल निघाली आणि तिच्या मागं, बऱ्याच अंतरावर, दोन सायकली.

धाबा तीन किलोमीटरवर. पोरं पोचली तेव्हा कंटेनर चिंचेखाली उभा होता.

“कान लाव,” भीमा कुजबुजला.

अश्विनीनं चाकाजवळ वाकून कान लावला. काहीच नाही! मेल्यासारखं गप्प.

पलीकडं ड्रायव्हर नळी लावून डिझेल कॅनमध्ये काढत होता. बाजेवर पसरलेला काकासाहेब भजी हाणत होता.

“भाऊबीज करून निघायचं निवांत,” तो सांगत होता. “बंदराच्या अलीकडं मशीन चालू केलं की झालं, परत दगड!”

“आन आबासाहेबांना कळलं तर?” ड्रायव्हरनं विचारलं.

“त्याला? त्याला बर्फ आन दही यातला फरक कळत न्हाई!”

अश्विनीच्या मुठी वळल्या. “आबांना बोलवायचं. आत्ताच्या आत्ता!”

“पोरांनी बोलवल्यावर येतोय व्हय त्यो मानूस?” भीमा म्हणाला. मग एकदम त्याचे डोळे चमकले. “रुपे, तुझ्या आईचा मोबाईल काढ. कंटेनरचं नावच काढू नको. दह्याचं तेवढं सांग!”

रुपालीनं रडका आवाज काढला. “आबा, मी रुपाली. धाब्यावर काकासाहेब चार मानसांत म्हनतोय, तुमाला बर्फ आन दही यातला फरक कळत न्हाई...”

पलीकडून जे आलं ते इथं छापता येणार नाही. फोन कट झाला.

“निघाला!” रुपाली हसली.

तेवढ्यात मागून एक जाडजूड हात आला आणि भीमाचा कान पिरगळला गेला.

“तरी म्हनलं, बी कुनी मारली!” काकासाहेब गुरकावला. “काय बघितलं रं?”

“भजी!” भीमा कळवळत म्हणाला. “लई जळाली हायत!”

काकासाहेबानं दोन्ही सायकलींची हवा सोडली. “आता जावा चालत. आन तू गं, सविताची ना? आईला सांग, कोयत्याला धार लावून ठिव!”

अश्विनी जागची हलली नाही. “तुमीच लावा. तुमालाच लागंल.”

काकासाहेबानं हात उगारला, तोच रस्त्यावर बुलेटचा आवाज घुमला. ड्रायव्हरनं कॅन धाब्यात फेकले आणि धावत जाऊन मशीनचं बटण दाबलं. गुर्रर्र! कंटेनरला वाचा फुटली.

“कोन म्हनतं मला दही कळत न्हाई?” आबासाहेब बुलेटवरूनच गरजले.

“आबा, दही राहू द्या!” अश्विनी पुढं झाली. “यांनी मशीन बंद ठेवलं हुतं. मागचा मालबी असाच नासला. आईनं न्हाई नासवला!”

“खोटारडी कारटी!” काकासाहेब हसला. “चाकात हवा कमी वाटली म्हनून पाच मिन्टं थांबलोय. ऐका, मशीन चालू हाय का न्हाई?”

आबासाहेबांनी कान दिला. मशीन चालूच होतं. त्यांनी पोरांकडं असं बघितलं, की रुपाली भीमाच्या मागं लपली.

“आबा, सील तोडा,” अश्विनी एकेक शब्द मोजून म्हणाली. “दारापाशीच्या खोक्यात आमचा पेला हाय. बर्फ आन वर रुपया. नाणं वर असंल तर मी सगळ्यांम्होरं नाक घासते. तळाला असंल तर...”

काकासाहेबाचं हसू विझलं. त्याच्याही घरच्या फ्रीजरमध्ये तसलाच पेला होता.

“आबा, सील तोडू नका! आन तळाला कसं जाईल नाणं? आत्ता तर कुठं अर्धा तास झाला बंद करून! मागच्या वेळी तीन दिवस बंद हुतं तवा...”

तो थांबला. पण उशीर झाला होता.

“तीन दिवस?” आबासाहेब पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. तो आवाज गर्जनेपेक्षा भयंकर होता. “आन मी चाळीस बायांना चोर ठरवलं?”

ड्रायव्हरनं मुकाट्यानं धाब्यातून डिझेलचे कॅन बाहेर आणले. काकासाहेबाचं काम तिथंच सुटलं. त्याला दोन्ही सायकलींत हवा भरायला लावली, तीही हातपंपानं, आणि भीमा प्रत्येक पंप मोठ्यानं मोजत होता!

मशीनवरचा आकडा उणे सतरा दाखवत होता. माल वाचला होता. डिझेल परत टाकीत गेलं. आबासाहेबांनी जीप मागवली आणि सविताबाईला बोलावून घेतलं.

“बाई, चुकलं माझं,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “आता बंदरापर्यंत गाडीमागं तुमीच चला. गुरगुर थांबली तर ड्रायव्हरला माझ्या नावानं शिव्या द्या.”

“तुमच्या कशाला? माझ्या हायत की!” सविताबाई म्हणाली आणि जीपमध्ये चढली.

पंधरा दिवसांनी दुबईहून निरोप आला, गर दगडासारखा आलाय, पुढचा कंटेनर पाठवा! आबासाहेबांनी शेडवर तिन्ही पोरांना बोलावून पाठीवर असे धपाटे घातले, की शाबासकी नको, असं भीमाला वाटलं. अश्विनीचं दप्तर भरलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती.

“पन त्यो पेला कुठाय?” आबासाहेबांनी विचारलं. “दुबईवाला म्हनतो, खोक्यात पेला-बिला काय न्हवता!”

तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

“आईनं ठिवूच दिला न्हाई,” अश्विनी जीभ चावत म्हणाली. “परदेशात जानाऱ्या मालात बाहेरची वस्तू चालत न्हाई म्हनली. पार दारापर्यंत हाकललं आमाला.”

“मंजी पेला...”

“रुपीच्या पिशवीतच हुता,” भीमा म्हणाला. “पार वितळला हुता!”

“आन त्यातला रुपया?”

“त्याची कुल्फी खाल्ली!” रुपाली म्हणाली.