उलटी बसलेली स्प्रिंग

"आत या. पण बंदूक असेल तर नळी जमिनीकडे धरा!" आतून कुणीतरी ओरडलं, आणि जुईलीला हसूच आलं. तिच्या हातात बंदूक नव्हती, आजोबांचा हात होता.

पिस्तूल आबांच्या भाजीच्या पिशवीत होतं, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेलं.

पौडच्या बाजाराच्या टोकाला असलेल्या या दुकानात रानडुकरं पिटाळायला परवान्यावर घेतलेल्या बंदुका दुरुस्त व्हायच्या. दुकान काकांचं आणि काम पुतण्याचं. पुतण्याचं नाव निरंजन. त्याने पंचा उलगडला आणि जुनं विलायती पिस्तूल बघून त्याचा चेहराच उजळला.

"खंडेनवमीला पूजेसाठी साफ केलं," आबा म्हणाले, "तवापासनं घोडा मागं येत न्हाई. मीच खोललं, मीच जोडलं. जोडणीत चूक न्हाई, आधीच सांगतो. पलटनीत हत्यारखाना माझ्याकडं व्हता. डोळं बांधून जोडायचो."

"मग धूळच अडकली असणार," निरंजन म्हणाला.

त्याने एकेक स्क्रू सोडवून भाग फडक्यावर मांडले. मांडता मांडता त्याचा हात थबकला… त्याने आबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. अंगठ्याने काहीतरी हळूच फिरवलं आणि सगळं पुन्हा जोडलं. घोडा खट्‌कन मागे आला.

"बघ! धूळच व्हती," आबा म्हणाले आणि रुबाबात पायरी उतरले.

जुईली मागे रेंगाळली. "खरं काय होतं?"

"स्प्रिंग उलटी बसली होती."

"मग धूळ म्हणालात ते?"

"धूळही होती…" त्याचे कान लाल झाले. "थोडी."

जुईलीचे आईवडील पुण्यात होते. पिरंगुटची नोकरी जवळ पडते म्हणून ती माले गावात आबांकडे राहायची. त्या संध्याकाळी भाकरी थापताना ती उगाचच दोनदा हसली. आपल्या म्हाताऱ्याचा मान कुणीतरी इतक्या अलगद सांभाळला होता!

दिवाळीनंतर पिस्तूल पुन्हा अडलं. भाताची झोडणी झाली आणि पुन्हा अडलं. दर वेळी चूक वेगळी, आणि निरंजनचं उत्तर मात्र तेच.

"तुमच्या गावात धूळ फार दिसते," तो म्हणायचा.

"या की मग बघायला."

"धूळ बघायला?"

"नाहीतर आणखी काय आहे बघण्यासारखं?"

निरंजन चहाचा पेला फडक्याने पुसून, तेलाचा वास राहिला नाही ना ते हुंगून तिच्यापुढे ठेवायचा. वास तरीही यायचा… तिला तो घरी आल्यावरही आठवायचा. पौडला जायचं असलं की ती हळदी रंगाची ओढणी काढायची.

"आमची पोरगी हल्ली लई नटतीया," आबा म्हणायचे. "पिस्तुलाचं लगीन हाय का काय?"

मग एका रविवारी आबा ओसरीवर वर्तमानपत्र पसरून पिस्तूल खोलत बसले. हातात एक बारीक पट्टी धरून ते कितीतरी वेळ त्या पट्टीकडेच बघत राहिले, जसं कुणी ओळखीचं माणूस भेटावं आणि नाव आठवू नये. जुईली दारातून बघत होती. आता पौडला जावं लागणार, असं तिच्या मनात आलं आणि हळदी ओढणी धुतलेली आहे ना, ते ती आठवू लागली. दुसऱ्याच क्षणी आपण कशावर आनंदलो ते तिला कळलं, आणि ती गर्रकन आत वळली.

आबांचं विसरणं आता वाढतच जाणार, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबा फोनवर म्हणाले होते, "जुई, ते पिस्तूल पोलीस चौकीत जमा करून टाक. ट्रंकेतली काडतुसंही."

"करते, बाबा."

तिने केलं नाही. पिस्तूल गेलं की पौडला जायचं काय कारण उरणार होतं? अजून एकदा, मग करू… असं म्हणता म्हणता माघ आला.

त्या सकाळी दाट धुकं होतं. माऊली दूधवाला फाटक उघडून आत आला.

"कोण हाय? नाव सांग!" आबांचा आवाज.

"आवो आबा, माऊली हाय की!" तो हसत पुढे आला.

गोळी त्याच्या कानाजवळून जाऊन फणसाच्या बुंध्यात घुसली. जुईली धावत आली, तेव्हा माऊली सांडलेल्या दुधात बसला होता. आबा हातातल्या पिस्तुलाकडे बघत होते.

"ताई," माऊली कान चाचपत म्हणाला, "माजी पोरगी आत्ताशी चालाय लागलीया…"

आदल्याच दिवशी निरंजनने पिस्तूल नीट करून दिलं होतं. आबांनी ते त्यानंतर खोललं नव्हतं.

त्याच दिवशी जुईली आबांना घेऊन दुकानात गेली. निरंजनने सगळं ऐकून घेतलं, पिस्तूल रिकामं केलं आणि बरोबर चौकीत आला. पिस्तूल, काडतुसं, परवाना, सगळं जमा झालं. आबा रिक्षात जाऊन बसले. चौकीच्या पायरीवर दोघंच उरली.

"जुईली…" त्याने पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हत्यारखाना सांभाळलेला माणूस स्प्रिंग उलटी बसवतो, म्हणजे काय ते. हे त्यांच्याजवळ ठेवू नका, असं तेव्हाच सांगायला हवं होतं मी."

"का नाही सांगितलंत?"

"तुम्ही परत आला नसतात."

हे ऐकायला ती किती आसुसली होती! पण असं नाही… या पायरीवर नाही.

"मलाही बाबांनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "मीही ठेवून घेतलं. त्याच कारणासाठी."

त्याचा हात पुढे आला. "मग—"

"मग काही नाही, निरंजन. आबा विसरले की मला बरं वाटायचं. मी त्या विसरण्याची वाट बघायचे. तुमच्याकडे पाहिलं की आता मला तेच आठवणार… आणि दुधात बसलेला माऊली."

"मी थांबेन."

"नका थांबू." ती एक पायरी उतरली. "थांबलात तर मी येईन."

पुढे आलेला हात त्याने शर्टाला पुसला, जणू त्याला तेलच लागलं होतं.

रिक्षा मालेच्या रस्त्याला लागली. आबा मागे वळून बघत होते.

"पोरगा गुणाचा दिसला. कोण व्हता?"

"निरंजन."

"तुझा कोण?"

आबांना हे घरी पोचेपर्यंतही आठवणार नव्हतं. जुईलीने ओढणीचं टोक मुठीत धरलं. "माझं प्रेम आहे त्याच्यावर, आबा."

"आन मग रडतीस कशापायी? तुझ्या बापाला मी सांगतो. माझा शब्द मोडायचा न्हाई त्यो."

"सांगा, आबा."

आबा खूश झाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. गावाचं वळण आलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"काय गं, चौकीपाशी तुझ्याशी बोलत व्हता त्यो पोरगा कोण?"

जुईलीने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.