रूपीला विचारायचं राहिलं

दाभोशाच्या उमेशची आणि पोशेऱ्याच्या रूपीची पहिली गाठ पडली ती जव्हारच्या खचाखच भरलेल्या जीपमध्ये. तिच्या लांबलचक पिशवीचं टोक थेट त्याच्या बरगडीत!

"गळ घेऊन चाललीस का गं मासे धरायला?"

"तलवारी आहेत. तीन. सरक तिकडं!"

गडी असा दचकला की रूपीला हसू आवरेना. मग काय, दर शनिवारी तलवारबाजीच्या सरावाहून परतताना त्यानं तिची जागा धरलेली. बोलणं थोडं, चोरून बघणंच फार...

यंदा रूपी राज्यात तिसरी आली. नाशिकला दोन वर्षांचं निवासी प्रशिक्षण मिळालं. पण भाताची आवणी तोंडावर आणि तिच्या बाची, म्हणजे जिव्याची, कंबर धरलेली. "तू गेलीस तर भात कोण लावील?" बा म्हणाला.

रूपीनं उमेशला फोन केला. "संपलं रे माझं. नाही जात."

"हं," तो म्हणाला. नुसतं हं! रूपीला अस्सा राग आला!

शनिवारी ती तलवारबाजी शिकवणाऱ्या सरांकडे तलवारी परत द्यायला गेली. सरांनी घेतल्या नाहीत. "उद्याच्या नाशिकच्या गाडीपर्यंत थांबतो," म्हणाले. पिशवी खांद्यावर टाकून ती घरी आली आणि बांधावरच थिजली.

त्यांच्या खाचरात, गुडघाभर चिखलात, उमेश! रूपीची आई फागी हसत हसत त्याच्या हातात रोपांची मूठ देत होती.

"तू— इथं— काय करतोस?"

"आवणी. मामांना, तुझ्या बाला म्हटलं, मी घरजावई राहतो, शेतात राबतो. रूपीला जाऊ द्या. हो म्हणाले."

"घर... जावई?"

अगं बाई! शेजारची गंगीकाकू जावई बघून, चहा पिऊन गेलीसुद्धा. अख्ख्या पाड्याला ठाऊक, नवरीलाच पत्ता नाही!

"अरे मेल्या, मला कधी विचारलंस?"

उमेशच्या हातातली मूठ गळून पडली. "आधी बापाला विचारतात ना... मग तुला विचारणार होतो... राहिलंच गं!"

"दोन वर्षं नसणार मी."

"माहितीय."

रूपीनं पिशवी बांधावर ठेवली. समोरच्या तलवारीला ती कधी भ्यायली नव्हती. बुटांसकट ती चिखलात उतरली.

"विचार आता."

"इथं? मामा बघतायत..."

"बघू दे."

"रूपी... मी आवडतो का तुला?"

"हो रे. फार आवडतोस," ती म्हणाली. हरल्यावरही कधी न रडलेली रूपी तिथंच हमसून रडली. सकाळी सहाच्या गाडीनं तिला जायचं होतं.